चार वर्षांचा अग्निवीर आणि एका दिवसातला लेफ्टनंट कर्नल

पहाटे पाच वाजता मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जाऊन बघा. अंधारात पोरे धावताना दिसतील. १६०० मीटरची वेळ मोजायला एकाच्या हातात मोबाईल आणि बाकीच्यांच्या छातीत धाप. कुणाचा बाप ऊसतोडीला गेलेला, कुणाची आई धुणीभांडी करणारी. अकॅडमीची फी उसनवारीवर भरलेली. यातली कितीतरी पोरे आपल्या वस्त्यांतली आहेत. त्यांच्या मनात एकच वाक्य घोळत असते: भरती निघाली की निघालो.

आता दुसरे चित्र बघा. १३ जून २०२५, अमेरिका. चार माणसे लष्करी गणवेश घालून शपथ घेतात आणि त्याच दिवशी राखीव दलात थेट लेफ्टनंट कर्नल होतात. मेटा, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपवाल्या कंपनीचे तंत्रज्ञान-प्रमुख अँड्र्यू बॉसवर्थ, पॅलंटीरचे श्याम शंकर, ओपनएआयचे केविन वील आणि पूर्वी ओपनएआयमध्ये वरच्या पदावर असलेले बॉब मॅकग्रू ही ती चार माणसे. तुकडीचे नाव 'डिटॅचमेंट २०१'. वर्षाला साधारण १२० तासांचे काम, त्यातले काही घरी बसूनही करता येईल असे. नेहमीच्या प्रशिक्षणाची पूर्ण वाट तुडवायची गरज नाही. भारतीय लष्करात अधिकाऱ्याला या हुद्द्यावर पोहोचायला सेवेची साधारण १३ वर्षे लागतात. अमेरिकेतही त्याहून कमी लागत नाहीत.

कुणी म्हणेल, डॉक्टर-वकिलांना थेट अधिकारी करण्याची पद्धत तिथे जुनीच आहे. खरे आहे. पण लष्करात गेलेला डॉक्टर लष्करालाच अब्जावधींचा माल विकणाऱ्या कंपनीचा बडा अधिकारी नसतो. या शपथविधीनंतर तीनच दिवसांनी ओपनएआयला अमेरिकी संरक्षण खात्याचे २० कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट जाहीर झाले. पुढच्या दीड-दोन महिन्यांत पॅलंटीरला अमेरिकी भूदलाकडून दहा वर्षांत १० अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार मिळाला. हितसंबंध आड येणार नाहीत याची काळजी घेतली जाईल, असे लष्कराने सांगितले. विकणाराही मी, सल्ला देणाराही मी आणि खांद्यावर हुद्दाही माझाच. यात काळजी कोण कोणाची घेणार?

अमेरिकेतल्या चार श्रीमंतांशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडला असेल तर आपलाच इतिहास पुन्हा एकदा वाचू या. कारण कंपनी आणि फौज यांचे लग्न आपण पहिल्यांदा बघत नाही. त्या लग्नात आपले पूर्वज राबले आहेत.

कंपनीची फौज आणि आपण

१ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला जे महार सैनिक लढले, ते कोणाच्या फौजेत होते? इंग्लंडच्या राजाच्या नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीच्या. म्हणजे भागधारक असलेल्या, नफा वाटणाऱ्या एका व्यापारी कंपनीच्या. जयस्तंभावरच्या मृतांच्या यादीत 'नाक' या प्रत्ययाची २२ नावे आहेत. पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून किंमत नव्हती, त्यांनी हातात बंदूक आल्यावर काय केले हे तो स्तंभ सांगतो. म्हणूनच बाबासाहेब १९२७ साली तिथे गेले आणि म्हणूनच आपण दरवर्षी जातो. त्या अभिमानाला माझा सलाम आहे.

लष्कराने आपल्याला बंदुकीपेक्षाही मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे अक्षर. सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना छावणीत शिकवले जाई. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि महूच्या छावणीत १८९१ साली बाबासाहेब जन्मले. गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिकच. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर घाव घातला. आपल्या चळवळीची पहिली पिढी छावणीतून आली, हे कोणी नाकारू शकत नाही.

पण याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण १ जानेवारीच्या पोस्टमध्ये लिहीत नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचा नवा सिद्धांत आला आणि कोरेगावात रक्त सांडलेला समाज एका रात्रीत 'लढाऊ नसलेला' ठरला. वलंगकरांनी अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. दार उघडले ते पहिल्या महायुद्धात, माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धाची गरज सरताच १९२१ ला मोडली. पुन्हा दुसरे महायुद्ध आले, बाबासाहेबांनी जोर लावला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

यातून काय दिसते? गरज लागली की शूर, गरज सरली की अस्पृश्य. दार उघडणाराही तोच आणि लावणाराही तोच. आपण फक्त उंबऱ्यावर.

आणि आत गेल्यावरही छत ठरलेले होते. हिंदी शिपायाला चढता येईल ती शेवटची पायरी सुभेदार-मेजरची. तीस वर्षे नोकरी केलेल्या सुभेदाराने विलायतेहून कालपरवा आलेल्या गोऱ्या पोरसवदा अधिकाऱ्याला सलाम ठोकायचा. शौर्य आपले, हुकूम त्यांचा. आपल्याला मिळाले ते करिअर होते, सत्ता नव्हती. बाबासाहेबांना हा फरक कळला होता, म्हणून ते भरती उघडा एवढ्यावर थांबले नाहीत. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना त्यांनी हिंदी फौजेत कोणत्या प्रांताचे, कोणत्या जमातीचे किती लोक आहेत याचे आकडे मांडले. फौज कोणाच्या हातात आहे, हा त्यांच्या लेखी राज्य कोणाचे या प्रश्नाचाच भाग होता.

आज हुकूम कुठून येतो?

१८५८ ला कंपनीचे राज्य गेले, असे शाळेत शिकवले. कंपनीचे राज्य परत येते आहे, हे कोण शिकवणार?

आजची फौज बंदुकीइतकीच माहितीवर चालते. उपग्रहातून दिसणारे चित्र, ड्रोनमधून येणारा व्हिडिओ, तो साठवणारा क्लाउड, त्यातून 'लक्ष्य' शोधणारी प्रणाली. यातला मोठा भाग खासगी कंपन्यांच्या हातात आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ९ अब्ज डॉलरपर्यंतचे क्लाउडचे काम ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल या चौघांत वाटले. जगातली सर्वात बलाढ्य फौज चार कंपन्यांच्या यंत्रांवर आपली माहिती ठेवते.

आता ज्याच्या हातात यंत्र, त्याच्या हातात बटण. २०२२ साली युक्रेनने क्रिमियाजवळच्या कारवाईसाठी स्टारलिंकची उपग्रह-सेवा मागितली. ती सुरू करायला एलॉन मस्क यांनी नकार दिला आणि पुढच्या वर्षी तसे स्वतःच सांगितले. तो निर्णय बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवा. एका देशाच्या युद्धातला निर्णय एका मालकाने घेतला. त्याला कोणी मत दिले होते? तो कोणत्या संसदेला उत्तर देतो?

हे दूरच्या युक्रेनचे झाले म्हणता? मग गुजरातेत या. वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा जुलै २०२५ मध्ये अचानक बंद पडल्या, ईमेलसकट. कारण काय? या कंपनीत रशियन तेलकंपनीचा मोठा वाटा आहे म्हणून युरोपीय संघाने निर्बंध घातले. भारताच्या संसदेचा कायदा नाही, भारताच्या न्यायालयाचा आदेश नाही. नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, मग सेवा पूर्ववत झाल्या. नायराकडे वकील उभे करायला पैसा होता. उद्या आपल्या गावच्या रेशनचे, शिष्यवृत्तीचे, रुग्णालयाचे बटण असे कोणी दाबले तर आपल्या आयाबहिणी कोणत्या उच्च न्यायालयात जाणार?

आणि हे हत्यार फक्त सीमेवर चालत नाही. २०१९ साली व्हॉट्सॲपने ज्यांना 'तुमच्या फोनवर पेगॅससचा हल्ला झाला' असे कळवले, त्यांत प्रा. आनंद तेलतुंबडे होते. पेगॅसस बनवणारी एनएसओ ही इस्रायली कंपनी आपला माल फक्त सरकारांना विकते, असे स्वतःच सांगते. म्हणजे युद्धाच्या तोडीचे हत्यार कंपनीने बनवायचे, सरकारने विकत घ्यायचे आणि ते सापडायचे आंबेडकरी विचारवंताच्या फोनमध्ये! तंत्रज्ञान हा 'आयटीवाल्यांचा विषय' आहे असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी आपापला फोन हातात घेऊन विचार करावा.

चार वर्षांचा हिशेब

आता पुन्हा त्या पहाटेच्या रस्त्यावर येऊ. धावणाऱ्या आपल्या पोराच्या वाट्याला काय आहे?

जून २०२२ ला अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. शेवटी सेवानिधीचे साधारण ११.७१ लाख. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीस दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून संपतात. बावीस-पंचविशीतला पोरगा गावी परत येईल. चारांतल्या तिघांना 'धन्यवाद' म्हटले जाईल.

निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागांची घोषणा झाली आहे. ती अमलात यावी, त्यासाठी आपण भांडूही. पण जी नोकरी एका पिढीला पेन्शन, घर आणि पोरांचे शिक्षण देत होती, ती चार वर्षांच्या कंत्राटावर आली हे कोणत्याही घोषणेने झाकत नाही. ज्या समाजाकडे शेती नाही, दुकान नाही, मामा-काकांची फॅक्टरी नाही, त्याच्यासाठी पेन्शन हीच जमीन होती. ती जमीन काढून घेतली आणि वर देशभक्तीचे प्रमाणपत्र दिले.

याच्याशेजारी इस्रायल ठेवून बघा. तिथल्या लष्कराच्या ८२०० या हेरगिरीच्या युनिटमध्ये सेवा केलेली पोरे बाहेर पडून तंत्रज्ञानाच्या कंपन्या काढतात. चेक पॉइंट या मोठ्या कंपनीचे संस्थापक गिल श्वेड त्यातलेच. ते युनिट काय करते याची मला भुरळ नाही. पॅलेस्टिनी जनतेवरच्या पाळतीत भाग घेणार नाही असे पत्र २०१४ साली त्याच युनिटच्या ४३ जणांनी लिहिले होते. मुद्दा वेगळा आहे. लष्करी सेवेच्या एका दारातून माणूस मालक होऊन बाहेर येतो आणि दुसऱ्या दारातून एटीएमबाहेरचा रखवालदार होऊन. दोघांचाही गणवेश लष्कराचाच. म्हणून 'सैन्यात जाऊ का?' हा अर्धाच प्रश्न आहे. 'कोणत्या दाराने जाऊ?' हा पूर्ण प्रश्न आहे.

आपल्यातलेच तीन युक्तिवाद

पहिला: 'सैन्याची परंपरा आपली आहे, त्यावर प्रश्न विचारू नका.' मित्रा, परंपरा शिपायाची होती, कारण त्याच्या वर जाऊच दिले नाही. ज्या बाबासाहेबांनी महार रेजिमेंटसाठी जोर लावला, त्यांनी पोरांना शिपाईगिरीवर समाधान माना असे कधी सांगितले नाही. राज्यकारभारातल्या मोक्याच्या आणि माऱ्याच्या जागा घ्या, हे त्यांचे सांगणे होते. बापाने खंदकात काढलेले आयुष्य पोराने नकाशाच्या खोलीत न्यायचे, ही खरी परंपरा.

दुसरा: 'सैन्य सोडा, आयटीत जा. तिथे जात नाही, पगार मोठा.' जात नाही? २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को या कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. पुढे दोन अधिकाऱ्यांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू राहिला. २०२२ साली गुगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरचे व्याख्यान आतल्या विरोधामुळे रद्द झाले आणि ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी नोकरी सोडली. २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदविरोधी विधेयक मंजूर केले, ते राज्यपालांनी अडवले. बाबासाहेब कोलंबियाहून शिकून आले आणि १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा पदवीने त्यांना राहायला खोली मिळाली नव्हती. काठ्या घेऊन आलेल्यांनी पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले. आज काठी नाही, एचआर आहे. आयटीत जरूर जा, पण तिथे जात तुमची वाट बघत उभी आहे हे ओळखून जा.

तिसरा: 'परदेशी कंपन्या वाईट, आपल्या देशी कंपन्या आल्या की झाले.' शेठजी बदलला म्हणून सावकारी संपते का? १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यांत गोरी भांडवलशाही आणि देशी भांडवलशाही असा फरक नव्हता. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात तर त्यांनी महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी थेट राज्यघटनेसाठी केली. त्यांचे म्हणणे सरळ होते: सरकारचा हात बाजूला झाला म्हणजे गरिबाला स्वातंत्र्य मिळत नाही, मालकाला मोकळे रान मिळते. १९४७ साली ते जमीन आणि कारखान्यांबद्दल बोलत होते. आज तेच माहिती आणि क्लाउडला लागू आहे.

सदसद्विवेक एकट्याने टिकत नाही

कंपनीच्या आत राहूनही लढता येते, याचे उदाहरण आहे. २०१८ साली अमेरिकी लष्कराच्या 'मेवन' या ड्रोनच्या प्रकल्पात गुगल काम करते, हे कळल्यावर सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवले नाही आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही असे वचन दिले. पण एप्रिल २०२४ मध्ये इस्रायल सरकारबरोबरच्या क्लाउड कराराविरुद्ध कर्मचारी ठिय्या देऊन बसले, तेव्हा गुगलने सुमारे ५० जणांना कामावरून काढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वचनही नियमावलीतून गाळले.

कंपनीचे वचन हे मालकाच्या मर्जीवरचे बक्षीस असते. कायदा हा हक्क असतो. हा फरक आपल्याइतका कोणाला कळणार? आपण सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट बघत बसलो नाही, आपण संविधान लिहिले.

मग करायचे काय?

एक. लष्करात जायचे तर अधिकाऱ्याच्या दाराने जायचा प्रयत्न आधी करा. दहावीतल्या हुशार पोराला भरतीच्या अकॅडमीत टाकण्याआधी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दाखवा. राज्य सरकार १९७७ पासून ती चालवते आणि एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली आहे आणि खडकवासल्याच्या एनडीएचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे. पदवीनंतर सीडीएस आहे. जो आधीच शिपाई आहे, त्याला आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येते. लष्कराच्या भरतीत आपल्याला आरक्षण नाही, म्हणून तयारी दुप्पट लागेल. बुद्धविहारात आठवड्याला एक दिवस इंग्रजी, गणित आणि मुलाखतीचा वर्ग चालवायला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन. जो अग्निवीर झाला आहे त्याला एकटा सोडू नका. त्याचे ११ लाख लग्नात आणि गाडीत जाऊ देऊ नका. चार वर्षांतच मुक्त विद्यापीठाची पदवी, सिग्नल किंवा तांत्रिक शाखेचे कौशल्य, पुढच्या परीक्षेचा अभ्यास याचा आराखडा त्याच्या हातात द्या. आणि पेन्शनसह कायम भरतीची मागणी निवडणुकीपुरती न ठेवता सतत लावून धरा.

तीन. संगणक शिका, पण कंपनीचा नोकर होण्यापुरता नको. आपल्याला कोड लिहिणारे हवेत, तसेच कोड तपासणारे, त्यावर खटला चालवणारे वकील आणि सभागृहात प्रश्न विचारणारे आमदार-खासदारही हवेत. कंपनीत गेलात तर संघटनेत जा.

चार. कायद्याकडे लक्ष द्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा देतो आणि त्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराचे कलमही बोथट केले. यावर आपल्या किती सभा झाल्या? पुतळ्याच्या विटंबनेवर आपण एका तासात रस्त्यावर येतो, आणि ते आलेच पाहिजे. पण संविधानाची विटंबना कलम-पोटकलमातून होते तेव्हा आपण झोपलेले असतो.

कोरेगावचा शिपाई कंपनीसाठी लढला, कारण त्याच्यापुढे पेशवाई आणि कंपनी एवढेच दोन रस्ते होते. त्याला दोष देता येत नाही. आपल्यापुढे तिसरा रस्ता आहे आणि तो बाबासाहेबांनी बांधून दिला आहे. या देशात फौज संविधानाखाली आहे आणि कंपनीही संविधानाखालीच असली पाहिजे. पहाटे धावणाऱ्या पोराला थांबवू नका. धाव बाळा, जोरात धाव. फक्त शर्यत कुठे संपते ती रेघ दुसऱ्याला आखू देऊ नकोस.

जयभीम! जय संविधान!